गुडघेदुखी मोजायची कशी? जिवतीच्या पहाडापाशी थांबून एक आढावा

वय वाढलं की गुडघे दुखायचेच, हे वाक्य चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत इतक्या सहज बोललं जातं की त्यामागे काही मोजण्यासारखं आहे हेच लक्षात येत नाही. ‘टोंगळे धरले’ एवढ्या दोन शब्दांत घरातल्या म्हातारीचं शेतावर जाणं थांबतं आणि पाणी आणायची जबाबदारी सुनेकडे जाते. वैद्यकाच्या भाषेत यातल्या बऱ्याच दुखण्याला गुडघ्याचा झिजेचा संधिवात म्हणतात. सांध्यातली कूर्चा पातळ होते, हाडांच्या कडांना वाढ फुटते, आतलं अस्तर मधूनमधून सुजतं आणि मांडीचे स्नायू दुबळे होत जातात. एकेकाळी ही निव्वळ झीज मानली जात होती. आता तो अख्ख्या सांध्याचा, हाड-स्नायूंसकट होणारा, सावकाश चालणारा आजार समजला जातो.

जगभरातल्या आजारांच्या ओझ्याचा हिशेब ठेवणाऱ्या संशोधकांच्या अंदाजानुसार २०२० साली सर्व सांधे मिळून असा संधिवात असलेले सुमारे ५९.५ कोटी लोक होते, आणि १९९० पासून ही संख्या १३२ टक्क्यांनी वाढली. भारतापुरता असाच अंदाज १९९० साली सुमारे २.३ कोटी आणि २०१९ साली सुमारे ६.२ कोटी असा आहे. या वाढीचा मोठा भाग लोकसंख्या वाढण्यातून आणि वयस्क होण्यातून आलेला आहे. असे आकडे देशाच्या नियोजनाला उपयोगी पडतात. चंद्रपूर जिल्ह्यात माणिकगडच्या पहाडावर वसलेल्या जिवती तालुक्यात ते आणून ठेवले की मात्र प्रश्न सुरू होतात. हा लेख त्या प्रश्नांचा आढावा घेतो: गुडघ्याचा संधिवात किती हे आजवर कसं मोजलं गेलं, त्याच्या कारणांबद्दल कोणत्या भूमिका आहेत, आणि या जंगलपट्ट्याच्या बाबतीत काय अनुत्तरित आहे.

मोजपट्ट्यांचा इतिहास

या क्षेत्रातली पहिली सर्वमान्य मोजपट्टी १९५७ साली आली. केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन ब्रिटिश संशोधकांनी एक्स-रेवरून सांध्याच्या झिजेची शून्य ते चार अशी प्रतवारी ठरवली. दोन किंवा त्याहून वरची प्रत म्हणजे आजार, हा संकेत तेव्हापासून जवळपास सगळीकडे वापरला जातो. या पट्टीची सोय अशी की फोटो कुठेही काढा, वाचणाऱ्याची नजर तयार असली की तुलना करता येते. तिची अडचणही तिथेच आहे. फोटोत दुखणं दिसत नाही. ज्यांच्या एक्स-रेवर झीज स्पष्ट दिसते त्यांच्यातल्या अनेकांना काहीच त्रास नसतो, आणि रात्री दुखण्याने झोप न लागणाऱ्या काहींचा फोटो जवळपास स्वच्छ निघतो.

म्हणून दुसरी पट्टी आली. १९८६ साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने रुग्णाच्या तक्रारी आणि तपासणी यांवर आधारलेले निकष मांडले. त्यांत दुखणं, वय, सकाळचा थोड्या वेळाचा आखडलेपणा, हालचाल करताना येणारी करकर, हाडांची वाढ अशा गोष्टी पाहिल्या जातात. एक्स-रेशिवायही निदान करता यावं, ही त्यामागची कल्पना.

तिसरी वाट लोकसंख्येच्या पाहणीची. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून ‘कॉपकॉर्ड’ नावाची पद्धत घडवली. आधी प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर जाऊन दुखण्याची चौकशी करतात, मग तक्रार असलेल्यांना डॉक्टर तपासतात. यंत्र कमी आणि माणसं जास्त लागणारी ही पद्धत साधनं तुटपुंजी असलेल्या देशांसाठीच आखलेली होती.

चौथी वाट सर्वांत सोपी: लोकांनाच विचारायचं, ‘तुम्हाला संधिवात आहे असं डॉक्टरांनी कधी सांगितलं आहे का?’ मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने समन्वय केलेल्या ‘लासी’ या राष्ट्रीय पाहणीत हा मार्ग वापरला गेला. २०१७-१८ मध्ये तिच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षे वा त्याहून मोठे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जणांशी बोलणं झालं. वार्धक्याबद्दल इतकी विस्तृत माहिती भारतात आधी नव्हती. पण या प्रश्नाला ‘हो’ म्हणायला आधी डॉक्टर भेटलेला असावा लागतो. जिथे डॉक्टर दूर, तिथे आजार कमी दिसणार.

एकाच आजाराचे वेगवेगळे आकडे

पट्टी बदलली की आकडा किती बदलतो याचं उत्तम उदाहरण अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम शहराचं आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात ६३ वर्षांवरच्या लोकांपैकी ३३ टक्क्यांच्या गुडघ्यांत एक्स-रेवर संधिवात दिसला. एक्स-रेवर झीज आणि सोबत दुखणंही, असे मात्र साडेनऊ टक्के निघाले. लोक तेच आणि गुडघेही तेच, तरी आकड्यांत तिपटीहून जास्त अंतर.

आशियातल्या अभ्यासांनी दुसरी बाजू समोर आणली. बीजिंगमध्ये ६० वर्षांवरच्या स्त्रियांपैकी सुमारे ४३ टक्क्यांच्या एक्स-रेवर संधिवात होता आणि १५ टक्क्यांना तो त्रासही देत होता. हे प्रमाण फ्रॅमिंगहॅमच्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा बरंच जास्त होतं, आणि तेही चिनी स्त्रिया अंगाने हलक्या असताना. पुरुषांत असा फरक नव्हता. दक्षिण कोरियातल्या चुनचॉन शहरात ‘हालिम’ वार्धक्य अभ्यासात पन्नाशीवरच्या ५०४ लोकांपैकी सुमारे ३७ टक्क्यांच्या गुडघ्यांत एक्स-रेवर संधिवात होता आणि सुमारे २४ टक्क्यांत त्रासदायक संधिवात. पुढे कोरियाने आपल्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणीतच पन्नाशीवरच्या नागरिकांच्या गुडघ्यांचे एक्स-रे काढले, आणि स्त्रियांत हा आजार पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त असल्याचं देशपातळीवर दिसलं. कोरियन घरात जमिनीवर बसणं, झोपणं, जेवणं रूढ आहे. त्यामुळे या आकड्यांकडे आपल्याकडच्या वाचकाचं लक्ष जाणं स्वाभाविक आहे.

जिवतीच्या दृष्टीने सर्वांत बोलका अभ्यास जपानचा. ‘रोड’ नावाच्या या अभ्यासात ६० वर्षांवरच्या पुरुषांपैकी ४७ टक्के आणि स्त्रियांपैकी ७० टक्के जणांच्या एक्स-रेवर गुडघ्याचा संधिवात आढळला. टोकियोच्या शहरी भागापेक्षा वाकायामा प्रांतातल्या हिदाकागावा या डोंगराळ गावात प्रमाण जास्त होतं. चढउतार आणि शेती-जंगलाचं काम यांचा गुडघ्याशी काही संबंध असावा, या शंकेला त्यामुळे बळ मिळालं.

महाराष्ट्रात काय मोजलं गेलं

भारतात ‘कॉपकॉर्ड’ची सुरुवात महाराष्ट्रात झाली. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघर जाऊन ४,०९२ प्रौढांची पाहणी केली. १८.२ टक्के लोकांना हाडं, सांधे वा स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं. झिजेचा संधिवात सुमारे ५.८ टक्क्यांमध्ये निघाला, आणि गाठी धरणारा आमवात अर्ध्या टक्क्याच्या आसपास. गावकरी ज्याला सरसकट ‘वात’ म्हणतात त्यातला मोठा वाटा झिजेचा आणि मऊ ऊतींच्या दुखण्याचा आहे, हे यातून पहिल्यांदा आकड्यांत दिसलं.

२०१६ मध्ये आग्रा, बंगळुरू, कोलकाता, देहरादून आणि पुणे या पाच ठिकाणच्या चाळिशीवरच्या सुमारे पाच हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गुडघ्याच्या संधिवाताचं प्रमाण २८.७ टक्के निघालं. स्त्रियांत ते जास्त होतं. महानगरांबरोबरच खेड्यांतही ते जास्त होतं, मधल्या शहरांत तुलनेने कमी.

५.८ आणि २८.७ हे दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. भिगवणमध्ये तरुणही मोजले गेले, तिथे मोजणी तक्रारीपासून सुरू झाली आणि मग डॉक्टरांनी तपासलं. पाच ठिकाणांच्या अभ्यासात फक्त चाळिशीवरचे लोक होते. वृत्तपत्रांत मात्र हे आकडे वय आणि पद्धत गाळून छापले जातात. मग ‘भारतात दर चौघांत एकाला’ किंवा ‘दर वीसात एकाला’ अशी विधानं शेजारी शेजारी नांदतात.

गडचिरोलीपुरतं बोलायचं तर डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यांतल्या प्रौढांची पाहणी करून पाठदुखी आणि हातापायांचं दुखणं ही सार्वजनिक आरोग्याची समस्या आहे, असा निष्कर्ष काढला आहे. मुंबईचे मणकेतज्ज्ञ डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचं स्पाइन फाउंडेशन ‘सर्च’च्या शोधग्राम या केंद्रातल्या कामाशी जोडलं गेलं, ते याच गरजेतून. या भागातल्या आरोग्याची चर्चा दीर्घकाळ मलेरिया, बालमृत्यू आणि कुपोषण यांभोवती फिरत होती. लोकांच्या रोजच्या दुखण्याला त्या यादीत जागा नव्हती. २०१८ मध्ये आलेल्या आदिवासी आरोग्यविषयक तज्ज्ञ समितीच्या अहवालातही, जिचे अध्यक्ष डॉ. अभय बंगच होते, प्राधान्याच्या दहा समस्यांत सांधेदुखीचा स्वतंत्र समावेश नाही. जीव घेणाऱ्या आजारांपुढे जीव न घेणारं दुखणं मागे पडणं समजण्यासारखं आहे. हा क्रम बदलावा की नाही, हा चर्चेचा एक धागा आहे.

पहाडावरचं काम

वर उल्लेखलेल्यांपैकी गुडघ्याच्या संधिवाताचा एकही अभ्यास जिवतीत झालेला नाही. तिथले आकडे काय असतील याचा अंदाज बांधायचा तर आधी तिथलं जगणं पाहावं लागतं.

गडचांदूरहून वर चढत गेलं की माणिकगडच्या पठारावर जिवती तालुका सुरू होतो. पलीकडे तेलंगणाची हद्द. सीमेवरच्या काही गावांवर दोन्ही राज्यांचा दावा आहे. कोलाम आणि गोंड ही इथली जुनी वस्ती, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आलेली कुटुंबं ही नंतरची. कोलामांची गणना केंद्राच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होते. कापूस, तूर, ज्वारी, सोयाबीन ही पिकं. पावसाळा भरपूर असला तरी पठारावर पाणी टिकत नाही, आणि उन्हाळ्यात गुड्यांवरच्या, म्हणजे पाड्यांवरच्या, बायकांना उतारावरच्या झऱ्या-विहिरींवरून डोक्यावर पाणी आणावं लागतं. निंदण उकिडवं बसून होतं, कापूस वेचताना सतत वाकावं लागतं. मोहफुलं वेचायची तीही खाली बसून. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा, त्याचे पुडे बांधायचे, वर्षभर सरपणाची मोळी. गडचिरोलीच्या धानपट्ट्यात याच्या जोडीला चिखलात वाकून केलेली रोवणी येते.

गुडघ्यावर याचा भार किती पडतो, याची मोजमापं झालेली आहेत. ज्यांच्या कृत्रिम गुडघ्यात भार मोजणारी यंत्रणा बसवलेली होती अशा रुग्णांत सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार पडला, जिना उतरताना सुमारे साडेतीन पट. डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन उतार उतरणाऱ्या बाईच्या गुडघ्याचं गणित यावरून करता येतं. तिचं स्वतःचं वजन कमी असलं तरी वाहिलेलं वजन त्यात मिळवावं लागतं.

पहिली भूमिका: काम गुडघा झिजवतं

व्यावसायिक आरोग्याच्या अभ्यासकांची ही भूमिका. गुडघे टेकून, उकिडवं बसून आणि ओझी उचलून केलेलं दीर्घकाळचं काम गुडघ्याचा संधिवात वाढवतं, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळलं आहे. बीजिंगच्या अभ्यासातच पुढे विचारलं गेलं, ‘पंचविशीत तुम्ही दिवसातून किती वेळ उकिडवे बसत होता?’ जास्त वेळ बसणाऱ्यांत म्हातारपणी एक्स-रेवरचा संधिवात जास्त निघाला. ब्रिटनने २००९ मध्ये कोळशाच्या भूमिगत खाणीत दीर्घकाळ काम केलेल्यांच्या गुडघ्याच्या संधिवाताला व्यवसायजन्य आजार म्हणून मान्यता दिली. चंद्रपूर हा कोळशाचा जिल्हा असल्याने या निर्णयाला इथे संदर्भ आहे. पण पहाडावरच्या शेतमजुराच्या बाबतीत असा दावा मांडायचा तर मालक कोण, काम किती वर्षांचं आणि त्याची नोंद कुठे, इथेच गाडं अडतं.

या भूमिकेतून जिवतीत प्रमाण जास्त असावं असं अनुमान निघतं. हिदाकागावाचा अनुभव त्याच दिशेला बोट दाखवतो.

दुसरी भूमिका: न चालणं आणि वजन हे खरं कारण

दुसऱ्या भूमिकेची मुख्य साक्ष २०१७ मध्ये इयान वॉलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. अमेरिकेतल्या अडीच हजारांहून अधिक सांगाड्यांचे गुडघे त्यांनी तपासले. पन्नाशीवरच्यांत प्रागैतिहासिक काळात सुमारे ८ टक्के, आरंभीच्या औद्योगिक काळात सुमारे ६ टक्के आणि अलीकडच्या काळात १६ टक्के जणांच्या गुडघ्यांत संधिवात दिसला. वय आणि वजन हिशेबात धरूनही विसाव्या शतकाच्या मध्यानंतर प्रमाण दुपटीने वाढलेलं होतं. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. हालचालीने सांध्यातला द्रव आतबाहेर होतो आणि त्यातूनच तिचं पोषण होतं. म्हणून बसून राहणं हेच गुडघ्याला घातक, असा या अभ्यासकांचा कल आहे. स्थूलतेचा संबंध तर फार पूर्वीपासून सिद्ध आहे. चरबी ही नुसतं ओझं नसून दाह वाढवणारी द्रव्यंही सोडते, हे आता मान्य आहे.

या भूमिकेतून जिवतीसाठी उलटं अनुमान निघतं. आयुष्यभर चालणारे, अंगाने सडपातळ लोक. मग आजार कमी असायला हवा. शिवाय आदिवासी आरोग्यविषयक तज्ज्ञ समितीच्या त्याच अहवालात आदिवासींचं सरासरी आयुर्मान ६३.९ वर्षे दिलं आहे, एकूण लोकसंख्येचं ६७. ज्या वयात हा आजार सर्वाधिक दिसतो, त्या वयापर्यंत पोहोचणारेच कमी असतील तर एकूण आकडाही लहान दिसेल.

दोन्ही भूमिका एकमेकींना खोडतातच असं नाही. मध्यम हालचाल पोषक आणि अति भार मारक असू शकतो. त्यांच्यामधली रेषा कुठे आहे, विशेषतः वाढीच्या वयात कमी खायला मिळालेल्या आणि स्नायू कमी असलेल्या शरीरात ती कुठे सरकते, हे ठरलेलं नाही.

तिसरी भूमिका: सगळी गुडघेदुखी एक नसते

स्थानिक डॉक्टरांचा आक्षेप वेगळा असतो. या भागात गुडघेदुखीला झिजेखेरीज बरीच कारणं आहेत, त्यामुळे नुसत्या तक्रारींवरून मोजणी केली तर सगळं एका खात्यात जमा होईल.

पहिलं कारण फ्लोराइड. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांतल्या भूजलात ते मर्यादेपेक्षा जास्त आढळतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची इष्ट मर्यादा आहे, आणि दुसरी सोय नसेल तर दीड. वर्षानुवर्षे जास्त फ्लोराइड पोटात गेलं की हाडं घट्ट पण ठिसूळ होतात, अस्थिबंध कडक होतात, सांधे आखडतात. दातांवरचे डाग पाहिले तर शंका यायला हवी.

दुसरं कारण सिकलसेल. विदर्भातल्या आदिवासी आणि दलित समाजांत त्याचं प्रमाण लक्षणीय आहे. त्याच्या निर्मूलनासाठी केंद्राने २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली. या आजारात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि खुब्यातलं हे दुखणं कित्येकदा रुग्णाला गुडघ्यात जाणवतं. तरुण वयात गुडघा धरून येणाऱ्याचा खुबा तपासला नाही तर निदान चुकतं.

तिसरं चिकुनगुनिया. २००६ मध्ये महाराष्ट्रात त्याची मोठी साथ आली आणि २०२४ मध्ये नागपूर भागात तो पुन्हा पसरला. ताप उतरल्यावरही काहींचे सांधे महिनोन्महिने दुखत राहतात. अशा साथीनंतर लगेच केलेली पाहणी फुगलेला आकडा देईल. याशिवाय ड जीवनसत्त्वाची कमतरता, कंबरेच्या मणक्यातून पायात उतरणारं दुखणं, जुनी इजा हेही आहेच.

चौथी भूमिका: थांबलेली माणसं मोजा

अलीकडे सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांत एक वेगळा विचार मांडला जातो. निदानाच्या नेमकेपणावर अडून बसण्यापेक्षा दुखण्यामुळे माणसाचं काय थांबलं ते मोजावं. पाणी आणता येतं का, शौचाला बसून उठता येतं का, रेशन आणायला जाता येतं का, मजुरीचे किती दिवस बुडतात. आशा कार्यकर्त्या तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो आरोग्य तपासणी अर्ज भरतात, त्यात वृद्धांसाठी चालताना-उभं राहताना तोल जाण्याबद्दल आणि हालचाल अडवणाऱ्या अपंगत्वाबद्दल प्रश्न आहेतच. म्हणजे सुरुवातीची चौकट तयार आहे. त्यापुढची तपासणी मात्र रक्तदाब, मधुमेह आणि तीन कर्करोगांसाठी आखलेली आहे, सांध्यांसाठी नाही.

या भूमिकेवरचा आक्षेपही रास्त आहे. कारण न शोधता अपंगत्व मोजलं तर फ्लोराइडच्या गावाला व्यायाम सांगितला जाईल आणि सिकलसेलच्या मुलाला वेदनाशामक गोळी.

स्त्रियांचा प्रश्न

जवळपास प्रत्येक अभ्यासात स्त्रियांचं प्रमाण जास्त आहे आणि पाळी थांबल्यानंतर ते आणखी वाढतं. यातला शरीररचनेचा, संप्रेरकांचा वाटा किती आणि कामाचा किती, हे वेगळं काढणं अवघड ठरलं आहे. बीजिंगमध्ये स्त्रियांतच फरक दिसला, पुरुषांत नाही, याचा अर्थ दोन्ही बाजू आपापल्या परीने लावतात. पहाडावर पाणी, सरपण, निंदण, वेचणी ही कामं प्रामुख्याने बायकांच्याच वाट्याची आहेत. तिथे ही गुंतागुंत आणखी घट्ट होते. पाहणीतली आणखी एक अडचण अशी की घरोघर विचारायला आलेल्या माणसाला उत्तर बहुधा घरातला पुरुष देतो, आणि चालूनफिरून काम करणारी बाई आपल्या दुखण्याला आजार समजतच नाही.

उपचारांचा ताळेबंद

उपचारांबाबत जगात बऱ्यापैकी एकमत आहे, पण ते कमी लोकांपर्यंत पोहोचलं आहे. व्यायाम, मांडीच्या स्नायूंना बळकटी आणि जास्त असलेलं वजन कमी करणं, या तीन गोष्टी जवळपास सर्व मार्गदर्शक सूचनांत सर्वांत वर आहेत. व्यायामाचा फायदा मात्र माफकच असतो, हेही ताजे एकत्रित आढावे सांगतात. आणि ज्यांचा दिवसच श्रमाचा आहे त्यांना ‘व्यायाम करा’ म्हणणं म्हणजे काय, याचं उत्तर शहरी रुग्णांवरच्या प्रयोगांतून मिळत नाही. सेमाग्लुटाइड हे वजन उतरवणारं औषध गुडघेदुखीवर गुणकारी ठरल्याचा प्रयोग २०२४ मध्ये गाजला, पण तो अतिस्थूल लोकांवरचा होता.

दुर्बिणीतून गुडघा साफ करण्याची शस्त्रक्रिया २००२ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात खोट्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरली नाही, आणि झिजेच्या संधिवातासाठी ती करू नये असा सल्ला आता दिला जातो. आयुर्वेदाच्या बाजूने डॉ. चोप्रा यांच्याच गटाने २०१३ मध्ये ४४० रुग्णांवरचा नियंत्रित प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात आयुर्वेदिक मिश्रणं ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिब यांच्या तोडीची ठरली, पण काही रुग्णांत यकृताच्या चाचण्या वाढल्याचीही नोंद झाली. गावात प्रत्यक्षात मिळतं ते बहुधा वेदनाशामक इंजेक्शन वा गोळ्या. दीर्घकाळ घेतल्यास त्यांचा जठर, मूत्रपिंड आणि हृदयावरचा परिणाम ठाऊक असलेला आहे.

शेवटचा उपाय सांधा बदलण्याचा. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि काही प्रकारांच्या किमती निम्म्याहून खाली आल्या. सरकारी विमा योजनांनीही वाट थोडी मोकळी केली. जिवतीहून गडचांदूर, राजुरा करत चंद्रपूर गाठायचं, तिथून गरज पडल्यास नागपूर, सोबत घरातल्या एकाची मजुरी बुडवायची, हा खर्च कोणत्याही पॅकेजमध्ये धरलेला नसतो. शिवाय बदललेल्या गुडघ्याने उकिडवं बसणं कठीण होतं. चूल जमिनीवर, जेवण जमिनीवर आणि काम शेतात असलेल्या घरात यशस्वी शस्त्रक्रियेचा अर्थ शहरापेक्षा वेगळा असतो.

काय ठरायचं बाकी आहे

पहिला प्रश्न पद्धतीचा. पहाडावर पाहणी करायची तर प्रश्नावली कोलामी, गोंडी आणि बंजारा बोलींत घोळवून घ्यावी लागेल. वयाचा हिशेबही जपून करावा लागेल, कारण वृद्धांच्या आधारकार्डावरची जन्मतारीख बऱ्याचदा अंदाजाने टाकलेली असते, आणि या आजारात पाच-दहा वर्षांचा फरक आकडा उलटापालटा करतो. एक्स-रे उभं राहून काढलेला हवा. झोपून काढलेल्या फोटोत सांध्यातलं कमी झालेलं अंतर लपतं.

दुसरा प्रश्न तुलनेचा. एकाच पठारावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले कोलाम-गोंड आणि पन्नासेक वर्षांपूर्वी मैदानातून आलेली कुटुंबं शेजारी राहतात. पाणी, चढ आणि काम बरंचसं सारखं, पण बालपणाचा आहार आणि वंश वेगळे. कामाचा वाटा आणि शरीराचा वाटा वेगळा काढण्यासाठी संशोधकाला अशी जागा सहसा मिळत नाही. फ्लोराइड असलेली आणि नसलेली गावं शेजारी असतील, तर तिसऱ्या भूमिकेचीही परीक्षा तिथेच होऊ शकते.

तिसरा प्रश्न उपयोगाचा. आकडा मिळाल्यावर त्याचं काय करायचं, यावर आधीच विचार झालेला बरा. वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे आणि त्यात फिजिओथेरपीची तरतूद आहे. ती जिल्हा रुग्णालयापाशी थांबते की पहाडावरच्या उपकेंद्रापर्यंत येते, यावर मोजणीचं सार्थक अवलंबून राहील. काहींच्या मते नळाचं पाणी गुड्यापर्यंत आणणं हाच गुडघ्यांसाठीचा पहिला कार्यक्रम ठरेल. काम झिजवतं हे मान्य केलं तर हे म्हणणं तर्काला धरून आहे. दुसऱ्या भूमिकेतले अभ्यासक विचारतील की आधी ते सिद्ध करा.

कोरियाचा ३७ टक्के, भिगवणचा ५.८ टक्के किंवा पाच ठिकाणांचा २८.७ टक्के, यांपैकी कोणताही आकडा जिवतीला लावला तर तो चुकीचा ठरण्याची शक्यता जास्त आहे, आणि कोणत्या दिशेने चुकेल हे या भूमिका वेगवेगळं सांगतात. म्हणून पुढची पाहणी करणाऱ्याने एक्स-रे, डॉक्टरांची तपासणी आणि थांबलेलं काम या तिन्ही गोष्टी त्याच माणसांत, त्याच वेळी मोजाव्यात आणि तीन आकडे वेगवेगळे छापावेत. त्या तिघांमधलं अंतर किती आहे, हेच या पट्ट्यातलं सर्वांत उपयोगी उत्तर असेल.